बाबांच्या कोटातले पैसे

‘सुई गं माझ्या सई, हळू चाल आडवाटे,
जगाला दिसे शिवण, लेकीला घर भेटे.’

थोरल्या बाईंचा आवाज असा घोगरा, की मशीनचा पट्टा करकरतोय की बाई गातायत, हे नव्या गिऱ्हाइकाला कळायचं नाही. त्यांच्या हाताखाली शिवण शिकायला बसलेल्या पोरीला मात्र अचूक कळायचं. बाई एरवी गुणगुणत नसत. झगा असो, कोट असो, कामावर जाणारीची साधी विजार असो, अस्तर लावायची वेळ झाली की त्या हे गाणं धरायच्या आणि शिवणीच्या आडोशाला, दोन बोटं जातील एवढा एक चोरखिसा शिवायच्या. त्याची शिलाई लावत नसत. पावतीवर तो नसायचा. गिऱ्हाईक बाई शेवटच्या ट्रायलला आली की आरशासमोर तिचा हात हातात घ्यायच्या आणि तिचं बोट त्या जागेवर एकदा टेकवायच्या. बस्स. शब्द नाही की खूण नाही. ती बाई आरशातून चमकून पाहायची, तोवर थोरल्या बाई खडू शोधायला लागलेल्या असायच्या.

ती शिकाऊ पोर आता साठीला टेकली होती. गल्लीच्या वळणावर तिचं स्वतःचं दुकान होतं आणि सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. थोरल्या बाई केव्हाच गेल्या, पण चोरखिसा मास्तरीणबाईंनी सोडला नव्हता. बोट टेकवायची रीतही तीच.

त्या दुपारी दुकानाचं दार अर्धं लोटलेलं होतं आणि आरशासमोर, लाकडी पाटावर, त्यांची लेक उभी होती. लेक म्हणजे देशाच्या मध्यवर्ती बँकेतली मोठी अधिकारी. घरात ती ठकी. अंगावर अर्धवट शिवलेला निळसर करडा कोट, एक बाही लागलेली, दुसरी टेबलावर. उद्या सकाळी ती हा कोट घालून बँकेच्या संचालक मंडळापुढे उभी राहणार होती.

“सरळ उभी राहा गं. पोक काढलंस तर कोटही पोक काढेल,” मास्तरीणबाई म्हणाल्या. तोंडात टाचण्या धरलेल्या, त्यामुळे शब्द दातांच्या फटीतून येत होते.

“सरळच उभी आहे. तुझा खांदाच वाकडा कापलाय.”

“ऐकलंत का हो?” मास्तरीणबाई कोपऱ्याकडे वळून म्हणाल्या. “देशाचा पैसा नव्यानं शिवायला निघाली आणि आईचा खांदा वाकडा म्हणते.”

कोपऱ्यात काजवाली मावशी बसली होती. बटणांची काजं करावी तर तिनेच. हात जितका सावकाश, जीभ तितकी चपळ. “म्हणू दे की. साहेब आहे ती. साहेबाला अर्धं जग वाकडंच दिसतं.”

ठकी हसली आणि टाचणी टोचली म्हणून लगेच ओरडली.

मास्तरीणबाईंच्या मनात मात्र आनंद मावत नव्हता. गेली तीन वर्षं ही पोर एकाच कामाला जुंपलेली होती. बँक स्वतःचं डिजिटल चलन काढणार होती. नोटच, पण कागदाची नाही. एका लहानशा कार्डात राहणारी. फोन नको, खातं नको. दुकानदाराच्या यंत्राला कार्ड टेकवलं की पैसे गेले. याची चाचणी याच भागात चालू होती. मास्तरीणबाई प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत सुटल्या होत्या, “नव्या नोटेवर सही कुणाचीही असू दे, तिची टीप माझ्या पोरीनं मारलीय!”

आणि ते खोटं नव्हतं. मध्यंतरी वादळात दोन दिवस वीज नव्हती, फोन मुके झाले होते, बँकेची यंत्रं बंद. औषधाच्या दुकानात माणसं रिकाम्या हातांनी उभी होती. तेव्हा मेणबत्तीच्या उजेडात औषधवाल्याने लोकांची कार्डं यंत्राला लावली आणि यंत्राने टुक् आवाज केला. नेटवर्क नसताना! ते नेटवर्कशिवाय चाललं पाहिजे म्हणून ठकी साहेबांशी वर्षभर भांडली होती, हे मास्तरीणबाईंना ठाऊक होतं. त्या अंधारात, खोकल्याची बाटली हातात धरून, त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या होत्या, “माझ्या मुलीचं काम आहे हे.” कुणी विचारलेलं नसताना.

“मावशी,” ठकी आरशातून म्हणाली, “तुम्हाला मिळालं ना कार्ड? कसं वाटतं, खरं सांगा.”

“झकास आहे! कारखान्याच्या काजांचे पैसे आधी कारकुनाच्या मागं हिंडून मिळायचे. आज साहेब जेवायला गेलेत, उद्या सुटे नाहीत. आता कपड्यांचा गठ्ठा पोचवला की टुक्. परवा कार्ड बाजारात पडलं, तर तुमच्या लोकांनी पैशासकट नवं करून दिलं. नोट पडली असती तर दिली असती का कुणी?”

“बघ!” ठकी आईकडे पाहून म्हणाली.

“पण,” मावशीने दोरा दातांनी तोडला, “हल्ली मी अर्धे पैसे पुन्हा नोटांत मागते.”

“का हो?”

“अगं, आमचं कार्ड कुटुंबाच्या सामायिक पाकिटातलं, घरधन्याच्या नावाला जोडलेलं. घरधन्याच्या फोनवर सगळं उमटतं ना. तो काही वाईट नाही हो. रागावत नाही, हात उगारत नाही. नुसतं विचारतो. काल दुपारी चपलांच्या दुकानात काय होतं? बहिणीकडे कशाला पाठवले? बापडा प्रेमानंच विचारतो. पण विचारतो.” तिने सुई केसांवरून फिरवली. “चाळीस वर्षं संसार केला, चपलेचा हिशेब कधी दिला नव्हता. आता टुक् झालं की माझ्या पोटात धस्स होतं.”

ठकीने आरशातून मावशीकडे पाहिलं. मग समजावणीच्या सुरात म्हणाली, “मावशी, त्याचीच बैठक आहे उद्या. दोन मार्ग आहेत. एक, प्रत्येक व्यवहाराची नोंद राहणार, लहानातल्या लहानसुद्धा, आणि कुटुंबप्रमुखाला ती दिसणार. दुसरा, ठरावीक रकमेपर्यंत नोंदच ठेवायची नाही. नोटेसारखं. कुणी दिले, कुणाला दिले, बँकेलाही कळणार नाही.”

“मग दुसरा बरा की.”

“तसं वाटतं खरं. पण ती रस्त्याच्या टोकाची गोदामं आहेत ना, तिथल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला एका भामट्यानं फसवलं. मी बँकेतून बोलतोय म्हणे, कार्ड या यंत्राला लावा. महिन्याची सगळी कमाई गेली. नोंद होती म्हणून दुपारपर्यंत आम्ही पैसे शोधले आणि त्याच्या हातात परत दिले. रडत होता तो. नोंद नसती तर? आणि चोर काय मूर्ख असतात? मोठ्या रकमेचे लहान तुकडे करतील आणि आमच्या नाकाखालून नेतील.”

मावशीने मान डोलावली. “तेही खरंच म्हणा.”

“साहेबांनी माझ्यावर सोडलंय. तू तीन वर्षं लोकांत फिरलीस, तू ज्याची शिफारस करशील तिकडे मंडळ झुकेल, म्हणाले. मी पहिल्या मार्गाची शिफारस करणार आहे. भाषण तयार आहे. आई, ऐकतेस?”

मास्तरीणबाईंनी हुंकार भरला. त्या दंडाला बाही जोडत होत्या. एवढ्या मोठ्या लोकांनी आपल्या पोरीवर एवढं सोपवलं, या विचाराने त्यांचे हात भराभर चालत होते.

ठकीने घसा साफ केला. एक बाही लागलेली, दुसरी टाचण्यांवर लोंबणारी, तरी तिची मान अशी ताठ झाली की दुकानातच मंडळ भरल्यासारखं वाटावं.

“सन्माननीय सदस्यहो, आकडे मी तुमच्यापुढे ठेवले आहेतच. आता एक घरची गोष्ट सांगते. माझे वडील पाट्या रंगवायचे. मी कॉलेजला जायच्या वयाची झाले आणि ते गेले. फी भरायचे दिवस आले तेव्हा घरात काही नव्हतं. एका सकाळी माझ्या आईनं त्यांचा हिवाळ्याचा जाड कोट टेबलावर पसरला आणि अस्तर उसवलं. आत नोटा होत्या. इस्त्री केल्यासारख्या सपाट. माझ्या वडिलांनी माझ्यासाठी, कुणाला न सांगता, अंगावरच्या कोटात पैसे साठवले होते.”

काजवाली मावशीचा हात थांबला. तिने मास्तरीणबाईंकडे पाहिलं. मास्तरीणबाई बाहीच्या मुंढ्यावर वाकल्या होत्या, चेहरा दिसत नव्हता.

ठकीचा आवाज हळवा झाला, पण डळमळला नाही. “मी इंजिनिअर झाले ती त्या पैशांवर. पण मला नेहमी वाटतं, तो कोट जळाला असता तर? चोरीला गेला असता तर? एका कष्टाळू बापाला मुलीचं शिक्षण अस्तरात लपवावं लागू नये. घरासाठी झटणाऱ्या माणसाला घराचा प्रत्येक पैसा दिसावा, सुरक्षित राहावा. म्हणून माझी शिफारस पहिल्या मार्गाची आहे.” ती थांबली. “कसं वाटलं?”

“काटा आला गं अंगावर,” मावशी म्हणाली. “बापाचं नाव काढलंस.”

मास्तरीणबाईंनी बाही मुंढ्याला लावून पाहिली. त्यांच्या ओठांत टाचण्या होत्या.

पोरीने भाषण काय सुंदर केलं! शब्द कसा एकेक जागच्या जागी, सुबक काज असावं तसा. असं बोलायला आपल्याला सात जन्मात जमलं नसतं. त्यांचे डोळे भरून आले, पण मान वर करून पोरीकडे पाहवेना.

कारण तो कोट त्यांना पाठ होता.

नवरा त्यांचा राजामाणूस. दुकानावरची पाटी अजून त्याच्या हातची होती, आणि रस्त्याने जाणारा अजून मान वर करून पाहायचा, असं वळणदार अक्षर. पण त्याच्या हातात पैसा म्हणजे उन्हातलं दव. मागणाऱ्याला नाही म्हणणं त्याला येतच नव्हतं. कुणाची बायको बाळंत, कुणाचं छप्पर उडालेलं, कुणाचा धंदा नुसता आज-उद्या उभा राहणार. घराचं खातं त्याच्या नावावर, आणि खात्यात मूठभर साचलं की त्याला कुणाचं तरी दुःख आठवायचं. मास्तरीणबाईंनी शिलाईचे पैसे डब्यात ठेवून पाहिले, गादीखाली ठेवून पाहिले. तो शोधायचा नाही, पण घरातलं काहीही त्याला आपोआप सापडायचं, आणि सापडलं की तो मोकळेपणाने विचारायचा, “हे कशाला पडलंय गं?” उत्तर ऐकायच्या आधी ते कुणाच्या तरी कामी आलेलं असायचं.

तेव्हा त्यांनी एका उन्हाळ्यात त्याचा जाड कोट दुरुस्तीला काढला आणि पाठीच्या अस्तरात चोरखिसा शिवला. आयुष्यात पुरुषाच्या कपड्यात शिवलेला तो एकच. बोट मात्र टेकवलं नाही. ज्या जागी तो कधी पाहणार नाही अशी घरात एकच जागा होती: त्याची स्वतःची पाठ. पुढचे चार हिवाळे त्या दर महिन्याला कोट इस्त्रीला म्हणून घ्यायच्या, एक बोटभर शिवण उसवायच्या, नोट सरकवायच्या आणि पुन्हा टाके घालायच्या.

आणि मग तो कोट त्याने देऊन टाकला होता! कडाक्याच्या थंडीत चौकात एक माणूस कुडकुडत होता, याने कोट काढून त्याच्या खांद्यावर टाकला आणि नुसत्या सदऱ्यावर, शीळ घालत घरी आला. मास्तरीणबाई चुलीवरचं तसंच टाकून धावल्या. हातात घोंगडी, अंगावरची शाल, त्याचा जुना स्वेटर. त्या माणसाला सगळं दिलं आणि कोट मागून घेतला. गल्ली दारात उभी राहून पाहत होती. नवरा सगळ्यांदेखत म्हणाला, “इतकी कंजूष कधी झालीस गं तू?” रागाने नाही, दुखावून. शेजारी शाळकरी ठकी उभी होती. तिने आईचा हात सोडला आणि बापाचा धरला.

मास्तरीणबाईंनी उत्तर दिलं नव्हतं. उत्तर कोटात होतं.

तो गेला, फीचे दिवस आले, त्यांनी अस्तर उसवलं. ठकी दारात येऊन उभी राहिली. बाप गेल्यापासून पोरीच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, नुसती भिंतीकडे बघत बसायची. नोटा पाहिल्या आणि म्हणाली, “बाबांनी?” एवढं म्हणून ती अशी ओक्साबोक्शी रडली, की मास्तरीणबाईंनी तिला जवळ घेतलं आणि होकारार्थी मान हलवली. वाटलं, आज रडू दे. पुढं कधीतरी सांगू. पुढं पोर बापाच्या अभिमानावर वाढत गेली, आणि त्या अभिमानाला सुई लावायला हात धजला नाही.

“आई, काहीतरी बोल ना. फार रडकं झालं का?”

मास्तरीणबाईंनी एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या आणि उशीला टोचल्या. “तो दुसरा मार्ग,” त्या सावकाश म्हणाल्या. “त्यात थोड्या पैशांची नोंद नाही म्हणालीस. थोडे म्हणजे किती? एका पोरीच्या फीचा महिन्याचा हप्ता बसेल एवढे?”

“बसेल. पण तुला काय करायचंय?”

“उगाच. आणि पहिल्या मार्गात घरधन्याला सगळं दिसणार. तो चांगला असला तरी?”

“चांगला असला तर प्रश्नच कुठे येतो?” ठकी हसली. “आई, बाबांसारखा माणूस असेल तर दिसल्यानं काय बिघडतं? बाबा स्वतःच्या पोटाला चिमटा काढून साठवत होते. आणि तू! तू तर त्या बिचाऱ्याच्या अंगावरून कोट ओढून आणलास. मला इतकी लाज वाटली होती त्या दिवशी. नशीब म्हणायचं, नाहीतर बाबांची पुंजी गेलीच असती. तुझा कंजूषपणा कामी आला, एवढं मात्र खरं!”

ती थट्टेत म्हणाली. वर्षानुवर्षं घरात ही थट्टा होत आली होती आणि मास्तरीणबाई दर वेळी हसत आल्या होत्या.

आज त्या हसल्या नाहीत. उद्या ही गोष्ट मोठ्या टेबलाभोवती सांगितली जाईल. तिथली माणसं माना डोलावतील, सह्या करतील, आणि मग घराघरांतून टुक् आवाज होईल. कुठल्याशा घरात एखादी बाई पोरीची फी ठेवायला जागा शोधेल आणि तिला ती सापडणार नाही. आपल्याच कोटाचा दाखला देऊन तिची जागा शिवून टाकलेली असेल.

“पाटावरून खाली उतर, ठके.”

“बाही राहिलीय.”

“राहू दे. उतर.”

आवाजातलं काहीतरी ऐकून ठकी उतरली. काजवाली मावशी उठायला लागली, तशी मास्तरीणबाई म्हणाल्या, “बसा हो तुम्ही. तुमच्यापुढंही सांगायचंय. तुम्हीही मला कंजूष म्हणाला होतात त्या दिवशी.”

मावशी पुन्हा बसली.

“तो कोट मी का परत आणला, माहितेय? त्यात तुझी फी होती.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं? बाबांनी तुला सांगितलं होतं?”

“बाबांना ठाऊक नव्हतं.”

ठकी आईकडे पाहत राहिली. टाचण्यांवरची बाही हळूहळू सुटून तिच्या मनगटावर आली, पण तिने ती सावरली नाही.

“मी ठेवले होते,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “खिसा मी शिवला. नोटा मी घातल्या. त्याच्यापासून लपवायच्या, म्हणून त्याच्याच पाठीवर ठेवल्या. चार हिवाळे तुझा बाप तुझं कॉलेज अंगावर घेऊन हिंडला आणि त्याला पत्ता नव्हता.”

“पण बाबांनी… बाबांनी काय घेतले असते का ते?”

“घेतले नसते गं. दिले असते. कुणालातरी. आणि रात्री शांत झोपला असता. तो वाईट नव्हता, ठके. तसा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. पण त्याला दिसलं असतं, तर तू शिकली नसतीस.”

ठकीने मनगटावर आलेली बाही काढून टेबलावर ठेवली. मग ठकी हळूच म्हणाली, “मी त्या दिवशी तुझा हात सोडला होता.”

“सोडलास खरा.”

“आणि तू काहीच बोलली नाहीस. एवढी वर्षं?”

“तू त्याच्या नावानं रडलीस, बरी झालीस. माझ्या नावाचं काय एवढं.”

ठकीने डोळे पुसले. दोन्ही हात आईच्या खांद्यांवर ठेवले. “मग उद्या मी काय बोलू?”

“ते तू ठरव. त्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याचे पैसे परत मिळाले, तेही खरं आहे, आणि या बाईच्या पोटात धस्स होतं, तेही खरं आहे. तोलायचं तुला. तुझ्याइतकं शहाणपण मला नाही, आणि त्याचा मला केवढा अभिमान आहे ते साऱ्या गल्लीला विचार.” मास्तरीणबाईंनी मान वर केली. “पण माझा कोट तिथं मांडणार असशील, तर आतून-बाहेरून पुरता मांड. त्यांना सांग, ते पैसे बाबांचे नव्हते. माझे होते. माझ्या शिलाईचे. तुला मी शिकवलं, ठके. मी.”